अपहाराची फाईल बंद झाल्यावर

सार्वजनिक पैशाच्या अपहाराची बातमी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येते. त्याच अपहाराचा तपास पोलिसांनी बंद केल्याची बातमी, आलीच तर, आतल्या पानावर चार ओळींत येते. आणि पोलिसांचा तो अहवाल दंडाधिकाऱ्यांनी स्वीकारला की नाकारला, त्या आदेशाविरुद्ध कोणी वरच्या न्यायालयात गेले की नाही, तेथे काय झाले, याची बातमी बहुधा येतच नाही. वाचकाच्या दृष्टीने प्रकरण चार ओळींच्या बातमीबरोबरच संपलेले असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र खरा निर्णय त्यानंतरच व्हावयाचा असतो. लोकांचे लक्ष उडाल्यानंतर आणि न्यायालयाचे लक्ष जाण्यापूर्वी जो काळ उरतो, त्या काळातच आपल्या देशातील बहुतेक अपहार पचनी पडतात, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

हा प्रश्न केवळ वकिलांचा नाही. शिक्षक, कारकून, बँकेतील व महामंडळातील नोकरदार यांची आयुष्यभराची बचत आज कोठे ना कोठे सहकारी पतसंस्थेत किंवा नागरी बँकेत पडलेली आहे. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून मिळू लागले. तत्पूर्वी १९९३ पासून ते एक लाखाचे होते. पण हे संरक्षण बँकांपुरते आहे. पगारदार नोकरांच्या पतसंस्थेतील ठेवीला ते लागू नाही. पतसंस्थेच्या व्यवस्थापकाने किंवा संचालकाने हात मारला, तर सभासदाला आधार उरतो तो वसुलीचा आणि फौजदारी कायद्याचा. त्यांतील फौजदारी कायद्याची वाट पोलिसांच्या एका अहवालापाशी बंद होणार असेल, तर ती कोणी, कशी आणि कोणत्या कारणासाठी बंद केली, हे सभासदाला कळलेच पाहिजे.

तपास बंद होतो म्हणजे काय होते?

आपल्याकडे पोलीस तपास बंद करावयाचा झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे ‘समरी’ पाठवितात. मुंबई इलाख्यापासून चालत आलेली ही पद्धत महाराष्ट्रात व गुजरातेत आजही रूढ आहे. गुन्हा घडला खरा, पण आरोपी सापडला नाही अथवा पुरावा मिळाला नाही, तर ‘ए’ समरी. फिर्याद खोटी व खोडसाळ असेल तर ‘बी’ समरी. फिर्याद खरीही नाही आणि खोटीही नाही, गैरसमजुतीने दिलेली आहे किंवा प्रकरण मुळात दिवाणी स्वरूपाचे आहे, असे पोलिसांस वाटल्यास ‘सी’ समरी. अपहाराच्या प्रकरणांचा ओघ या तिसऱ्या वर्गाकडे विशेष असतो, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. चोरीत चोर व मालक परके असतात. अपहारात मात्र पैसा ज्याच्या हाती विश्वासाने सोपविला त्यानेच तो वळविलेला असतो. त्यामुळे प्रत्येक अपहाराच्या मुळाशी एखादा करार, एखादा ठराव किंवा एखादे कर्जखाते असतेच, आणि ज्याला तपास नको असेल त्याला हे दिवाणी वळणाचे प्रकरण आहे असे म्हणण्याची सोय सदैव उपलब्ध असते.

परंतु समरी पाठविली म्हणजे प्रकरण संपले, असे कायदा म्हणत नाही. पोलिसांचे काम मत देण्याचे; निर्णय दंडाधिकाऱ्यांचा. त्यांच्यापुढे तीन मार्ग मोकळे असतात. अहवाल पटला तर तो स्वीकारून प्रकरण निकालात काढावे. तपास अपुरा वाटला तर अधिक तपासाचा आदेश द्यावा. अथवा पोलिसांनी गोळा केलेल्या कागदपत्रांवरूनच गुन्हा दिसतो आहे असे वाटल्यास, पोलिसांचे मत बाजूला सारून गुन्ह्याची दखल घ्यावी आणि आरोपींवर समन्स काढावे. आरोपपत्र पाठवाच, असे पोलिसांना फर्माविण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास नाही, हे साठच्या दशकात अभिनंदन झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. पण पोलिसांच्या मताने दंडाधिकारी बांधला जात नाही, हे त्याच निर्णयातून निघते आणि १९८० च्या बैन्स खटल्यात ते अधिक ठळकपणे सांगितले गेले. सत्तेची ही वाटणी मोठी शहाणपणाची आहे. पोलिसांनी न्यायाधीश होऊ नये आणि न्यायाधीशाने फौजदार होऊ नये, हे तिचे मर्म होय.

या रचनेतला दुबळा दुवा फिर्यादीचा होता. समरी स्वीकारली जात असताना फिर्याद देणाऱ्याला त्याचा पत्ताच नसे. १९८५ साली भगवंत सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव भरून काढली. अहवाल स्वीकारून प्रकरण बंद करण्यापूर्वी, ज्याने पहिली खबर दिली त्याला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, असा दंडक त्या निर्णयाने घालून दिला. आज ज्याला प्रोटेस्ट पिटिशन किंवा निषेध अर्ज म्हणतात, त्याला बळ आले ते या निर्णयामुळे. मात्र त्याच निर्णयात एक भेदही केलेला आहे. खबर देणाऱ्याला नोटीस मिळण्याचा हक्क आहे; ज्याला प्रत्यक्ष इजा पोचली पण ज्याने खबर दिलेली नाही, त्याला नोटिशीचा हक्क नाही. तो आपण होऊन न्यायालयात आला तर त्याचे ऐकले जाईल, एवढेच. या भेदाचा अपहाराच्या प्रकरणांवर काय परिणाम होतो, तो पुढे पाहू.

वरच्या न्यायालयाची नजर

दंडाधिकाऱ्याने समरी स्वीकारली आणि निषेध अर्ज फेटाळला, तर फिर्यादीपुढे उरतो तो फेरतपासणीचा मार्ग. कोर्टाच्या आवारात सारे ज्याला रिव्हिजन म्हणतात तो. सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात नव्वद दिवसांच्या आत असा अर्ज करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे क्रमांक बदलले, तरी फेरतपासणीचा सांगाडा तोच राहिला आहे.

फेरतपासणी म्हणजे अपील नव्हे. वरचे न्यायालय पुरावा नव्याने तोलत नाही. खालच्या आदेशात कायद्याची चूक आहे काय, अधिकारक्षेत्राचे उल्लंघन आहे काय, समोर असलेला महत्त्वाचा कागद न पाहताच आदेश झाला आहे काय, एवढेच ते पाहते. हा अधिकार संकुचित आहे आणि तो तसाच असावा. तथापि तो इतकाही संकुचित होता कामा नये की त्यातून काही आत शिरूच नये. १९७३ च्या संहितेने अंतरिम आदेशांविरुद्ध फेरतपासणीस बंदी घातली, तेव्हा हा धोका निर्माण झाला होता. १९७७ साली मधू लिमये यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, अंतिम नसलेला प्रत्येक आदेश अंतरिम ठरत नाही. ज्या आदेशाने प्रकरण पुढे चालावे की संपावे हे ठरते, तो मधल्या जातीचा आदेश आहे आणि त्याची फेरतपासणी होऊ शकते. ते प्रकरण मूळचे मानहानीचे, एका पत्रकार परिषदेतील विधानांतून उद्भवलेले. पण त्यातून निघालेले तत्त्व त्यानंतर असंख्य फिर्यादींना आणि आरोपींना उपयोगी पडले आहे.

या टप्प्यावर आरोपीचे स्थान काय, हाही प्रश्न आहे. दंडाधिकाऱ्यापुढे समन्स निघेपर्यंत आरोपीला बोलण्याचा हक्क नाही, ही आपल्याकडील जुनी रीत. परंतु फेरतपासणीत स्थिती उलट होते. सूरतच्या एका प्रकरणात पोलिसांनी सी समरी पाठविली, दंडाधिकाऱ्यांनी ती स्वीकारली आणि फिर्यादी उच्च न्यायालयात गेला. आमचेही ऐका, असे आरोपी म्हणू लागले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले. ज्या आदेशाने एखादा मनुष्य चौकशीतून सुटला, तो आदेश त्याच्या पाठीमागे फिरविला जाऊ नये, हे त्यामागील तत्त्व. हे न्याय्यच आहे. नव्या संहितेने तर आणखी एक पाऊल टाकले असून, खासगी फिर्यादीवरून दखल घेण्यापूर्वीच आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी देण्याची तरतूद केली आहे. म्हणजे आरोपीचे ऐकले जाण्याची व्यवस्था आता चोख झाली. ज्यांचा पैसा गेला त्यांचे ऐकले जाण्याची व्यवस्था तितकी चोख आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

पाटण्याचा धडा

या प्रश्नाचे उत्तर शोधताना पाटणा नागरी सहकारी बँकेचे प्रकरण आठवल्यावाचून राहत नाही. ते तपास बंद करण्याचे नव्हते, तर न्यायालयात दाखल झालेला खटलाच काढून घेण्याचे होते. पण परिणाम एकच, आणि वरच्या न्यायालयाने खालच्या आदेशाकडे कोणत्या नजरेने पाहावे हा वादही एकच.

ही बँक १९७० साली स्थापन झाली आणि काही वर्षांतच तिच्या कर्जव्यवहारांतील गंभीर गैरप्रकार उघडकीस आले. तिचे अध्यक्ष हे त्या वेळचे बिहारचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या निकटचे, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. अध्यक्षांवर फौजदारी कारवाई होऊ नये म्हणून मुख्यमंत्र्यांनी १९७५ साली फाईलवर शेरा मारला आणि नंतर त्या शेऱ्यावर कागद चिकटवून मागल्या तारखेचा दुसरा शेरा लिहिला, असा आरोप होता. १९७७ मध्ये सत्तांतर झाले. फेब्रुवारी १९७८ मध्ये गुन्हा नोंदविला गेला आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये आरोपपत्र दाखल झाले. जून १९८० मध्ये मिश्र पुन्हा मुख्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी सरकारी वकिलांनी खटला काढून घेण्याचा अर्ज केला आणि जून १९८१ मध्ये पाटण्याच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यास संमती दिली.

या संमतीविरुद्ध उभे राहिले ते बँकेचे ठेवीदार नव्हेत, तर विरोधी पक्षाचे आमदार शिवनंदन पासवान. पाटणा उच्च न्यायालयाने त्यांचा फेरतपासणी अर्ज फेटाळला. डिसेंबर १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दोघां न्यायमूर्तींनी संमती कायम केली. मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीस गेलेल्या न्या. तुळजापूरकर यांनी तीव्र भिन्नमत नोंदविले. प्रकरण पुनर्विचारार्थ पाच न्यायमूर्तींपुढे गेले, आणि डिसेंबर १९८६ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी पुन्हा तोच निकाल लागला. सरन्यायाधीश भगवती व न्या. ओझा अल्पमतात राहिले.

बहुमताचे म्हणणे थोडक्यात असे की, खटला काढून घेण्याचा विवेक सरकारी वकिलाचा आहे. त्याने तो प्रामाणिकपणे वापरला की नाही एवढेच दंडाधिकाऱ्याने पाहावे. आणि दंडाधिकारी व उच्च न्यायालय यांचे एकमत झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याचा काथ्याकूट करीत बसू नये. अल्पमताचे म्हणणे असे की, गुन्हा हा समाजाविरुद्धचा अपराध असल्यामुळे तो काढून घेण्यास कोणताही नागरिक हरकत घेऊ शकतो; आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच सरकारने खटला काढून घ्यावा, या गोष्टीकडे न्यायालयाला डोळेझाक करता येणार नाही.

दोन्ही बाजूंचे न्यायमूर्ती विद्वान होते, आणि आरोपी दोषी होते की नव्हते हे त्यांच्यापैकी कोणीच ठरविले नाही. ते ठरवावयाचे राहूनच गेले. या प्रकरणातील खरी हानी हीच आहे. खटला चालून आरोपी निर्दोष सुटले असते, तरी ठेवीदाराला उत्तर मिळाले असते आणि आरोपींच्या नावावरील डागही पुसला गेला असता. अर्जाच्या आणि फेरतपासणीच्या पायऱ्या चढण्या-उतरण्यात साडेपाच वर्षे गेली, देशातील सर्वोच्च न्यायालयाने दोन वेळा विचार केला, आणि बँकेचा पैसा कोणी खाल्ला या मूळ प्रश्नाचा पुरावा एकाही न्यायालयाने तोलला नाही.

काळ बदलला, असे म्हणावयास काही आधार आहे. २०२१ साली केरळ विधानसभेतील दंगलीचा खटला काढून घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. त्याच वर्षी आमदार-खासदारांवरील खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीवाचून मागे घेऊ नयेत, असा आदेशही दिला. नव्या संहितेत, पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय खटला काढून घेण्यास संमती देऊ नये, अशी स्पष्ट तरतूद आली आहे. पुढला दरवाजा अशा रीतीने बराचसा भक्कम झाला. पण खटला काढून घेण्यापेक्षा तो दाखलच होऊ न देणे सोपे, हे चतुर माणसांना सांगावे लागत नाही. मागला दरवाजा म्हणजे समरी. आणि त्या दरवाजावर पहारा अद्याप विरळ आहे.

महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणाचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २०११ साली संचालक मंडळ जाऊन तेथे प्रशासक आले. गुन्हा नोंदवावा असा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश झाला तो ऑगस्ट २०१९ मध्ये. आर्थिक गुन्हे शाखेने २०२० मध्ये समरी दाखल केली. तिच्याविरुद्ध निषेध अर्ज आले. २०२२ मध्ये त्याच शाखेने अधिक तपास करावयाचा असल्याचे न्यायालयास सांगितले, आणि २०२४ च्या आरंभी पुन्हा समरी दाखल केली. या प्रकरणात कोण दोषी वा निर्दोष, हे सांगण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही आणि तसा हेतूही नाही. पण एकाच कागदपत्रांच्या गठ्ठ्यावरून एकच तपास यंत्रणा बंद, चालू आणि पुन्हा बंद असे म्हणते, तेव्हा त्या प्रत्येक वळणाची कारणे लेखी आणि उघड असावीत, अशी अपेक्षा करणे हे राजकारण नव्हे.

नुकसान विखुरलेले, लाभ एकवटलेला

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास यात नवल वाटणार नाही. समजा, एखाद्या पतसंस्थेचे दहा हजार सभासद आहेत आणि प्रत्येकाचे दोन हजार रुपये बुडाले. अपहार झाला दोन कोटींचा. दोन हजारांसाठी वकील लावून, रजा टाकून, नव्वद दिवसांत फेरतपासणी अर्ज करावयास कोणता सभासद जाईल? दुसरा कोणी जाईल म्हणून प्रत्येक जण घरी बसतो. ज्याच्याकडे दोन कोटी गेले, त्याला मात्र त्यातील वीस लाख बचावासाठी खर्च करणे परवडते. मॅन्सर ऑल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली सामूहिक कृतीच्या तर्कावर जो ग्रंथ लिहिला, त्याचे सार हेच आहे : लाभ थोड्यांत एकवटला आणि नुकसान पुष्कळांत विखुरले, म्हणजे थोडे लोक जागे राहतात व पुष्कळ झोपतात.

आता भगवंत सिंग खटल्यातील त्या भेदाकडे पुन्हा वळू. नोटिशीचा हक्क खबर देणाऱ्याला. पतसंस्थेच्या अपहारात खबर देतो कोण? बहुधा लेखापरीक्षक, किंवा सहकार खात्याचा एखादा अधिकारी. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्याने लेखापरीक्षकावर तसे कर्तव्यच टाकले आहे. तो आपले कर्तव्य करतो, फिर्याद देतो, आणि दोन-तीन वर्षांनी न्यायालयाची नोटीस निघते तेव्हा त्याची बदली झालेली असते किंवा तो निवृत्त झालेला असतो. त्याचा स्वतःचा एक पैसाही त्यात गेलेला नसतो. तो हजर राहत नाही, किंवा राहून ‘हरकत नाही’ असे लिहून देतो. कायद्याची अट पुरी होते आणि समरी मंजूर होते. ज्यांचा पैसा गेला ते दहा हजार लोक मात्र कायद्याच्या भाषेत खबर देणारे नसतात; आपण होऊन आले तरच ऐकले जाणारे असतात. परंतु केव्हा यावयाचे, हे त्यांना सांगणारे कोणी नसते.

गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या कठोरपणापेक्षा ती होण्याच्या खात्रीने, हे आता सर्वमान्य झालेले मत आहे. विश्वासघाताच्या गुन्ह्याला आपल्याकडे बँकर, दलाल व लोकसेवक यांच्या बाबतीत जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितलेली आहे. कागदावरची ही जन्मठेप आणि प्रत्यक्षातली समरी, यांत अपहार करणारा कशाचा हिशेब करीत असेल, हे सांगावयास नको.

दुसरी बाजू

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. प्रत्येक बुडीत कर्ज म्हणजे अपहार नव्हे. दुष्काळ पडतो, कारखाना आजारी पडतो, बाजार कोसळतो. संचालकांचा अंदाज चुकतो. अंदाज चुकल्याबद्दल माणसे तुरुंगात जाऊ लागली, तर कोणीही प्रामाणिक मनुष्य संस्थेचा संचालक होणार नाही. शिवाय निवडणुकीत हरलेला गट जिंकलेल्या गटावर फिर्यादी ठोकतो, हाही सहकारातला नित्याचा अनुभव. अशा फिर्यादी पोलिसांनी तपासाअंती बंद करू नयेत काय?

अवश्य कराव्यात. समरीची तरतूद त्यासाठीच आहे, आणि फेरतपासणी हे छळाचे हत्यार होता कामा नये. पण चुकीचा निर्णय आणि अपहार यांतील सीमारेषा अदृश्य नसते. कर्ज कोणाला दिले, तारण घेतले होते काय, पैसा ज्या कामासाठी दिला तेथे गेला की संचालकाच्या नातलगाच्या खात्यात फिरून आला, हे चेकवरून आणि खातेवहीवरून दिसते. तेव्हा मागणी एवढीच आहे की, प्रकरण दिवाणी आहे असे ज्याला वाटते त्याने पैसा कोठे गेला हे पाहिल्यानंतर तसे लिहावे, न पाहता नव्हे. प्रामाणिक संचालकाचे हितही यातच आहे. कारणे देऊन बंद झालेली फाईल त्याला निष्कलंक करते. कारणांवाचून बंद झालेली फाईल जन्मभर त्याच्या पाठीस लागते.

काय करता येईल?

यासाठी मोठी कायदेदुरुस्ती हवी असे नाही. पुढील चार गोष्टी झाल्या तरी पुष्कळ होईल.

एक : अपहाराच्या प्रकरणात समरी स्वीकारताना दंडाधिकाऱ्याने कारणे लिहावीत, आणि लेखापरीक्षकाने ज्या ज्या रकमेवर बोट ठेवले त्या प्रत्येकीबाबत तपासात काय निष्पन्न झाले, हे आदेशात यावे. ‘अहवाल वाचला, मंजूर’ एवढ्या तीन शब्दांची फेरतपासणी करावयाची तरी कशी? वरच्या न्यायालयाने असे आदेश केवळ या एका कारणावरून परत पाठवावेत.

दोन : समरीची नोटीस खबर देणाऱ्याबरोबर संस्थेच्या सभासदांनाही द्यावी. दहा हजार नोटिसा काढण्याचे कारण नाही. संस्थेच्या कार्यालयाच्या फलकावर आणि स्थानिक वर्तमानपत्रात एक जाहीर सूचना पुरे. नव्या संहितेने तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला वा पीडिताला कळविण्याचे बंधन पोलिसांवर घातले आहे. पतसंस्थेच्या प्रकरणात पीडित म्हणजे सभासद, हे मान्य करण्यास कोणाची हरकत असावी?

तीन : फेरतपासणीचा निकाल ठराविक मुदतीत लागावा. कागदी पुराव्याला गंज चढत नाही, असे म्हणतात ते खरे नाही. खातेवह्या गहाळ होतात, संगणकातील नोंदी बदलतात, साक्षीदार वारतात. अर्ज दाखल झाल्याबरोबर मूळ कागदपत्रे सुरक्षित ठेवण्याचा आदेश वरच्या न्यायालयाने आपण होऊन द्यावा.

चार : फेरतपासणीच्या न्यायालयाने आपली मर्यादाही पाळावी. आदेश सदोष वाटला तर तो रद्द करून प्रकरण फेरविचारार्थ खाली पाठवावे. आरोपी दोषी असल्याचे सूचित करणारे शेरे मारू नयेत. दोष ठरविण्याची जागा खटला ही होय. पाटण्याच्या प्रकरणात वरच्या न्यायालयाने फार थोडे पाहिले, ही तक्रार रास्त असेल, तर उद्या त्याने फार पाहिले ही तक्रारही तितकीच रास्त ठरेल.

शेवटी, न्यायालय हे कितीही दक्ष असले तरी ते आपण होऊन कोणाच्या दाराशी जात नाही. कोणीतरी त्याच्या दाराशी जावे लागते. पाटण्यात एक आमदार गेला, तोही राजकीय विरोधक म्हणून. ठेवीदारांची संघटना गेली असती तर निकाल बदललाच असता असे नाही, पण हा पक्षांचा झगडा आहे असे म्हणण्याची सोय मात्र उरली नसती. पगारदारांच्या पतसंस्थांच्या वार्षिक सभेत लाभांश किती आणि भेटवस्तू कोणती, यावर तासन् तास चर्चा चालते. ‘मागील वर्षी दिलेल्या फिर्यादीचे काय झाले?’ हा एक प्रश्न सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर कायमचा ठेवण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. सभासदांनी तो दरवर्षी विचारला आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेतले, तर नव्वद दिवसांची मुदत कोणाच्या नकळत टळून जाणार नाही.